किल्ल्यावरून पाठवलेली ओळ

परवा सकाळी साताऱ्यात आमच्या गच्चीवर चहा घेत बसलो होतो. समोरच्या गच्चीत कुणी कुरडया वाळत घालत होतं. त्यांच्या स्टीलच्या ताटावरून उन्हाची तिरीप उडाली ती थेट माझ्या डोळ्यांत... आणि मी पन्नास वर्षं मागे, अजिंक्यताऱ्याच्या तटावर.

सत्तरच्या दशकातला उन्हाळा. मी, सदा आणि मारुती, एका वर्गातले तिघे. सुट्टीत काय काय करायचं ते आधीच ठरलेलं. माहुलीच्या संगमावर पोहायचं, यवतेश्वरचा घाट सायकलनं चढायचा, करवंदांनी तोंडं काळी करायची... आणि सुट्टी लागते न लागते तोच मारुती कैऱ्या काढताना आंब्यावरून पडला. अख्खा पाय प्लास्टरमध्ये.

त्याचे वडील मिलिटरीत, काका मिलिटरीत. त्यालाही तिकडेच जायचं होतं, दुसरं काही डोक्यात नव्हतंच. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण पाय सरळ येईल का ते आत्ता सांगता येत नाही. त्या दिवसापासून मारुती बोलेनासा झाला.

किल्ल्याच्या पायथ्याला त्यांचं घर, अंगणात शेवग्याखाली त्याची बाज. आम्ही गेलो की तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. एकदा तेवढा म्हणाला, "जावा की रं पवायला. हितं काय तमाशा लागलाय?"

त्याचे काका रजेवर आले होते. मिलिटरीत सिग्नलचं काम करायचे. त्यांनी आम्हाला फाटकाशी गाठलं. "पोरं हो, त्यो जवळ येऊ देत न्हाई, तर लांबनं बोला. आमी डोंगरावरनं आरशानं बोलतो." आणि लांब-आखूड चमकांची इंग्रजी अक्षरं शिकवायला लागले. सदानं हातच जोडले. "आवं काका, इंग्रजीत मी पास कसा झालो, ते अजून मलाच ठावं न्हाई!"

पण लांब आणि आखूड म्हटल्यावर माझ्या मनात लख्ख झालं... मराठीच्या सरांनी वर्षभर टेबलावर बोटं वाजवून वृत्तं घोकून घेतली होती. लघु म्हणजे आखूड, गुरू म्हणजे लांब. आपल्याकडे तर सगळं तयारच होतं!

मग ठरलं. भुजंगप्रयात म्हणजे पोहून आलो, कारण ते पाण्यातल्या सापासारखं वळत जातं. मंदाक्रांता म्हणजे घाट चढलो, सायकल ढकलत, धापा टाकत. आणि नुसतेच लघु, लघु, लघु... म्हणजे करवंदं.

सदानं वडिलांचा दाढीचा आरसा पळवला, तो वाटेतच दुभंगला. अर्धा आमच्याकडे, अर्धा मारुतीच्या उशाशी. (सदाच्या पाठीला त्याची किंमत घरी गेल्यावर कळली.) मारुतीला सगळं समजावून सांगितलं. वर्गात त्याला वृत्तं कधी जमली नव्हती. "पाय मोडला त्ये कमी हाय, म्हणून आता कविता व्हय?" एवढं बोलून पुन्हा भिंत.

तरी आम्ही सुरू केलं. दिवसभर भटकायचं आणि उन्हं कलली की तटावर. खाली कौलं, लिंबांचे गोल माथे, आणि त्यात काडेपेटीएवढं ते अंगण. मी आरसा धरायचा, सदानं मोजायचं... खालून काहीच नाही. रोज काहीच नाही.

"आपुन येडं हाय का रं? त्यो झोपला असंल," सदा म्हणायचा. मी म्हणायचो, "झोपू दे की. ऊन तर पडतंय त्याच्यावर."

मे सरत आला, आभाळात वळवाचे ढग फिरायला लागले. त्या दिवशी माहुलीहून थेट वर आलो, केस अजून ओले. आरशानं भुजंगप्रयात पाठवायला घेतलं. ल आखूड, गा लांब. लगागा, लगागा, लगागा, लगा... आणि शेवटच्या गुरूला ढगाची सावली तटावर आली. आरसा विझला.

खाली गावावर मात्र ऊन होतं.

आणि त्या अंगणातून एक चमक आली. एकच. लांब, संथ... जिथे पडायला हवी होती, तिथेच पडली.

आम्ही धावत, घसरत खाली आलो. त्याची आई दारातच म्हणाली, "रोज उन्हं उतरली की किल्ल्याकडं तोंड करून बोटं मोजतंय! मला वाटलं, डोस्क्यात काय झालं का काय..." मारुती हसत नव्हता, पण तोंड आमच्याकडे होतं. "काल मंदाक्रांतेत दोन गुरू खाल्लास, गड्या. लय चुकतोयस तू."

पाय किंचित आखूडच राहिला. मिलिटरी राहून गेली. पुढे मारुती सांगलीकडे साखर कारखान्यात लागला आणि तिकडचाच झाला. सदा आता नाही.

गेल्या हिवाळ्यात मारुतीची बायको, आमच्या वहिनी, गेल्या, तेव्हापासून तो फोन उचलत नाही. सांगलीला जाऊन आलो, तर खिडकीकडे तोंड करून बसला होता... ओळखीची होती ती पाठ. निघताना त्याची नात हळूच म्हणाली, "आजोबा लिहीत काही नाहीत, पण संध्याकाळी फोनवर तुमच्या सगळ्या पोस्ट वाचतात."

सातारा-सांगली अंतर काही आरशाच्या टप्प्यातलं नाही. म्हणून इथून पाठवतो. बाकीच्यांनी कृपा करून कॉमेंटमध्ये ओळ पुरी करू नये.

मारुती, काल माहुलीला जाऊन आलो रे. पोहलो नाही, गुडघे ऐकत नाहीत, नुसते पाय बुडवून बसलो. पण कळवायचं तर त्याच वृत्तात...

लगागा लगागा लगागा लगा...