भैय्यालाल शेठच्या आहेराची परतफेड

शकुनबाईनं डूख धरला की धरलाच. मोहाडीच्या बाजारात मुरमुरे विकते, माझ्या शेजारीच बसते, म्हणून मले सारं ठाऊक. तिच्यासारखी खुन्नस मी दुसऱ्या कोणात पाहिली नाही, अन् खरं सांगू? मले ती आवडते.

आमच्याकडे आहेराची रीत अशी: लिफाफ्यावर लिहिलेला आकडा माईकवर पुकारतात, लिफाफा फोडतात मागाहून. नोटबंदीनंतरच्या उन्हाळ्यात तिच्या रिताचं लग्न झालं. ज्याच्या मिलमधून ती तांदूळ घेते, त्या तुमसरच्या भैय्यालाल शेठचा आहेर पुकारला, "पाच हजार एक!" मांडवानं टाळ्या वाजवल्या. शकुनबाईनं तो लिफाफा तसाच लेकीच्या पदरात टाकला. सासरी फोडला तर आत पाचशेच्या जुन्या, मेलेल्या नोटा! वरचा रुपया तेवढा खरा.

नोट म्हणजे काय? रिझर्व बँकेनं दिलेलं वचन. त्या साली कायदाच झाला, की जुन्या नोटांचं देणं आता बँकेच्या डोक्यावर नाही. लोक म्हणत, जेवढ्या नोटा परत येणार नाहीत, तेवढा सरकारी तिजोरीले फायदा. कशाचं काय! बहुतेक साऱ्या परत आल्या. शेठच्या काही राहिल्या, कारण इतका पैसा आला कुठून हे बँकेत सांगायची सोय नव्हती. त्या त्यानं गरिबाच्या पोरीच्या लग्नात खपवल्या, वरून मानही घेतला. मुडदा बसो त्याचा!

विचारलं तर शेठ म्हणे, "मी तं नव्या कोऱ्या दिल्या होत्या." रिताची सासू आनंदाबाई नोटा शकुनबाईच्या तोंडावर फेकून म्हणाली, "मायनंच बदलल्या!" तेव्हापासून पोरगी सासरी चोराची लेक. भाजीत मीठ कमी पडलं तरी तेच ऐकायचं.

शकुनबाईनं नोटा जपून ठेवल्या. शेठकडूनच तांदूळ घेत राहिली, हसून बोलत राहिली. मी म्हटलं, "काहून वं, त्याचं तोंड तरी कशी पाहतेस?"

"त्याच्या घरी लग्न निघू दे," म्हणे.

यंदा शेठच्या अमरचं लग्न निघालं. आनंदाबाईचं धानही त्याच मिलमध्ये जाते, म्हणून तिलेही बोलावणं होतं. माईकवर पुकारलं, "शकुनबाई, पाच हजार एक!" लोक पाहतच राहिले. जेवणं झाली. आनंदाबाई उठायले लागली, तर शकुनबाईनं हात धरून बसवलं. "बसा ना विहीणबाई, पान खा."

तिकडे शेठाणी लिफाफे फोडत होती. "अवो, या तं जुन्या पाचशेच्या!"

शेठ धावत आला. नोटा पाहिल्या अन् डोकंच फिरलं त्याचं. भर मांडवात ओरडला, "माझ्याच नोटा मले वापस देतेस? लाज नाही वाटत?"



शकुनबाई विहिणीकडे वळली. "ऐकलं ना? कोणाच्या नोटा?"

आनंदाबाईच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं. शकुनबाईनं नोटांवरचा रुपया उचलून तिच्या हातावर ठेवला. "हा चालते. घरी गेल्यावर रिताले द्या. अन् इथं काय ऐकलं, तेही तिले तुमच्याच तोंडानं सांगा."