रविवारी साक्कोट्टैला कोण येणार?

शाळेत आमच्या खेळाच्या बाई म्हणायच्या, "हरून आलेल्याला आधी पाणी द्यावं, गुण मग विचारावेत."

आज संध्याकाळी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, दादा आणि दोन्ही काका नेहमीसारखे बसले होते. खेळाडूंना नावं ठेवायला यांना तमिळ लागते, मराठी उरते फक्त कॉफी मागायला. पेनल्टी चुकवणारा भित्रा, झेल सोडणारा आळशी, बुद्धिबळातला पोरगा उतावळा. या तिघांपैकी कुणी बस पकडायलासुद्धा धावल्याचं मला आठवत नाही.

तेवढ्यात दादाची सुजा कबड्डीचा उपांत्य सामना हरून आली. गुडघा सोललेला. पायरीवरच बसली.

"काय गे, हरलीस?" धाकट्या काकांनी विचारलं.

"दोन गुणांनी."

"शेवटच्या चढाईला कोण गेलं होतं?"

"मीच."

"मग बरोबर आहे. आत कॉफी सांग जा."

दादा हसला. तिचा बाप असून हसला. आणि पुन्हा पेनल्टी सुरू झाली.

आत मी तिला पाणी दिलं. तिनं घेतलं नाही. म्हणाली, "आत्या, रविवारी मी खेळत नाही."

आपल्या घरच्या या ग्रुपवरच्या सगळ्यांना विचारते. इतके सामने पाहूनही घरातल्या हरलेल्या पोरीचा चेहरा वाचता येत नसेल, तर तुम्ही एवढी वर्षं नेमकं काय पाहिलंत?

दादा, तूही हे वाचशील. रविवारी साक्कोट्टैच्या मैदानावर तिसऱ्या क्रमांकाचा सामना आहे. तू आलास तर ती खेळेल. त्याच वेळी टीव्हीवर क्रिकेटची फायनल आहे, त्यामुळे तुझं उत्तर मला ठाऊक आहे. तरी ये. येताना तिच्यासाठी पाणी आण.