शेटजींचं सोंग

आमचे शेटजी बोलणाऱ्याच्या तोंडावरून नजर हलवत नसत. चहावाला काही विचारो की दिग्दर्शक सूचना देवोत, शेटजी एकटक बघणार. कुणी चिडवलं तर म्हणायचे, "अहो, समोरचा बोलत असताना मोबाइलात बघायचं, हे मला अजून जमलेलं नाही. शिकवणी लावीन म्हणतो."

ते खरे शेटजी नव्हते, शाळेतून निवृत्त झालेले कारकून होते. मी हडपसरहून बसने यायची आणि नाटक मंडळीचा कपडेपट सांभाळायची. आमचं एक जुनं विनोदी नाटक होतं. त्यात म्हातारा सावकार बहिरेपणाचं सोंग घेतो. पुतण्या आणि सून त्याच्या देखत त्याच्या दागिन्यांची वाटणी करतात आणि वर गोड हसून त्याला शिरा भरवतात. तो सगळं ऐकतो आणि दागिन्यांच्या आशेवर त्यांना राबवून घेतो. लोभी तेही आणि हाही. तो सावकार आमचे शेटजी करायचे, म्हणून त्यांना हे नाव.

एका प्रवेशात त्यांच्या पाठीमागे पितळी परात आदळते. शेटजींची पापणीही हलत नसे. दिग्दर्शक नव्या मुलांना सांगायचे, "बघा, तयारी म्हणतात ती ही."

एकदा मी तोंडात टाचण्या धरून पाठीमागून त्यांचा कोट बेतत होते. "हात वर करा," तीनदा म्हटलं. हात हलले नाहीत. समोर येऊन टाचण्या काढून म्हटलं, तेव्हा लगेच वर झाले.

"रेहानाबाई," ते म्हणाले, "हे कपडेपटातच राहू द्या."

"कानाला यंत्र लावा ना."

"लावलं की दिसणार. सोंगाच्या बहिऱ्याला लोक हसतात, खऱ्याला बघून हळहळतात. हळहळीवर विनोदी नाटक चालत नाही. आणि हे काम गेलं तर घरी मी भिंतीशी बोलायचं का? तिचे तर ओठही हलत नाहीत."

दुसऱ्या अंकात सावकार एकटाच बसलेला असतो. आतून "चोर! चोर!" असा ओरडा होतो आणि तो सोंग विसरून ताडकन उठतो. तिथे बघायला कुणाचे ओठ नसत. शेटजी मनात आकडे मोजून उठायचे आणि कधी चुकायचे. त्या दिवसापासून मी विंगेत उभी राहून लाल शाल हलवू लागले. चारचौघांत बोलणं मला कधी जमलं नाही, हे जमलं.

पुढे एका प्रयोगात ऐन त्या वेळी सुनेच्या पोलक्याचे हूक तुटले. मला पलीकडच्या विंगेत ओढून नेलं. मी सुई ओवतेय तोवर आतून "चोर!" झालं. मग पुन्हा झालं. प्रेक्षक हसले, पुन्हा हसले, मग हसायचे थांबले. शेटजी रिकाम्या विंगेकडे बघत बसून होते.

पडदा पडल्यावर दिग्दर्शकांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "बाई, तुम्ही रोज शाल घेऊन तिथे का उभ्या राहता? यांना ऐकू येत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

हो म्हटलं असतं तर माझंही काम गेलं असतं. शेटजीच पुढे आले. "त्यांना काय विचारता? हल्ली विसरायला होतं, खूण करा, असं मी सांगितलं होतं. बाईंनाही मी फसवलं."

मी ते खोडून काढलं नाही. भूमिका दुसऱ्याला गेली. शेटजी हडपसरजवळच्या मांजरी गावात मुलीकडे राहायला गेले. भेटायला जायचं मी दर आठवड्याला ठरवायची आणि गेले नाही. मागच्या वर्षी ते गेले.

शोकसभेत दिग्दर्शक बोलायला उभे राहिले. "एवढा मोठा नट! आम्हाला तर फसवलंच, पण आमच्या भोळ्या रेहानाबाईंनाही फसवलं." लोक मायेनं हसले आणि मागे वळून माझ्याकडे बघू लागले. शेटजींची मुलगी माझ्या शेजारीच बसली होती. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाबांच्या वतीनं मी माफी मागते हो."

मी मान हलवली, आणि तिला माफ केलं.