मेंढवाड्यातला सदरा

“माझा कालेजचा सदरा आधी मेंढरांनी वापरला, मग मी,” असं बंकट एकदा म्हणाला होता.

तेव्हा तो लोकर संस्थेचा सचिव होता. केजच्या एका दुकानात आम्ही कापड घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने कापडाचं ठाण उलगडलं, आणि बंकटने पोत न पाहता, रंग न पाहता ते नाकाशी नेलं.

“साहेब, कापड हाय, आंबा न्हाई,” दुकानदार म्हणाला.

बंकट हसला आणि ते वाक्य बोलला. पुढची गोष्ट त्याने बऱ्याच वर्षांत तुकड्यातुकड्याने सांगितली. काही तुकडे त्याच्या आईकडे, कडूबाईकडे होते.

घर युसूफ वडगावच्या बाहेर, ओढ्याच्या काठाला. ओढा म्हणजे तेव्हा नुसती दगडांची वाट. दुष्काळ दुसऱ्या वर्षात शिरला होता आणि मृग कोरडा गेला होता. जनावरांसाठी छावण्या होत्या, माणसांसाठी खडी फोडायची कामं होती. मेंढरांसाठी कुणाला काही सुचलं नव्हतं. बंकटच्या बापाने, धुळाजीने, निम्म्याहून जास्त कळप विकून टाकला होता. उरलेली मेंढरं बाभळीच्या शेंगांवर उभी होती. दुपारी त्यांच्या सावल्या त्यांच्यापेक्षा अंगाने भरलेल्या दिसत.

अशा वर्षी बंकट मॅट्रिक पास झाला.

“मग आता?” धुळाजीने विचारलं.

“आता कालेज.”

“कुठं?”

“अंबाजोगाईला.”

“म्हंजी मोमिनाबादला.” धुळाजी जुनंच नाव घ्यायचा. थोडा वेळ तो सूत कातत राहिला. “तिथं चारा हाय का?”

हे त्याने कळपासाठी विचारलं की पोरासाठी, ते बंकटला कधी कळलं नाही.

बंकटला चाऱ्याची काळजी नव्हती. त्याला भीती होती ती वासाची. हायस्कूलमध्ये तो बाकावर बसला की शेजारचा सरकायचा. “मेंढ्या आला बे, खिडकी उघडा.” मास्तर भला माणूस. त्यांनी त्याला दाराजवळ जागा दिली आणि म्हणाले, “तुला वारा लागंल.” वारा नक्की कुणाला लागायला हवा होता, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. तेलकट, उबदार असा लोकरीचा वास. तो घोंगडीत होता, भाकरीत होता, भूगोलाच्या पुस्तकात होता. घरी असताना तो बंकटला यायचाच नाही. बाकावर बसलं की यायचा.

म्हणून त्याने ठरवलं होतं. कालेजच्या पहिल्या दिवशी अंगात असं कापड हवं, ज्याची आपल्या घराशी ओळख नाही. एकदा त्या बाकावर नीट बसता आलं, शेजारचा जागचा हलला नाही, की पुढचं सगळं जमेल.

सोसायटीत कंट्रोलच्या, म्हणजे रेशनवरच्या स्वस्त कापडाचा गठ्ठा आला होता. कापड मोजून द्यायला राधाकिशन बसायचा.

“कोणतं देऊ बंकटराव? निळ्या पट्ट्याचं हाय. न्हाई आवडलं तर निळ्या पट्ट्याचं हाय.”

“निळ्या पट्ट्याचंच द्या.”

“नीट इचार कर बाबा. चेरमनच्या गाद्यांलाबी हेच गेलंय.”

त्या उन्हाळ्यात अर्धं वडगाव निळ्या पट्ट्यात होतं. टँकरपाशी गर्दी झाली की एकच मोठं कापड ओढाताण करतंय असं वाटायचं. पण बंकटला पट्ट्यांचं काही नव्हतं. त्याने सदरा शिवून घेतला आणि शिंप्याच्याच खुंटीवर राहू दिला.

“नेत कावून न्हाईस बे?” शिंपी विचारायचा. “मुहूर्त हाय का?”

“राहू द्या. नेतो.”

निघायच्या आदल्या दिवशी सोसायटीचे चेरमन विठ्ठलराव पारावर भेटले. त्यांनी गडी घरी पाठवून एक पांढरा टेरिकॉटचा शर्ट मागवला, इस्त्रीचा. “आमच्या पोराचा हाय. नवाच समज. पट्ट्यात गेलास तर वडगावची गादी आली म्हणतील.” पारावरचे हसले. विठ्ठलराव मनाने वाईट नव्हते. फक्त त्यांना कुठलीही गोष्ट चारचौघांत द्यायची सवय होती. “सोसायटीचं पोरगं हाय,” ते सगळ्यांकडे बघत म्हणाले. “आपल्या कपड्यात गेलं पाह्यजे.”

बंकटने शर्ट घेतला. वाटेत शिंप्याकडून आपला सदराही घेतला, जुन्या पेपरात घट्ट बांधला. घरी दोन्ही पेटीवर ठेवले, पांढरा वर आणि पुडकं खाली. पेपराची घडी त्याने दोरीने बांधली होती, आत हवासुद्धा जाऊ नये अशी.

सकाळी उठून पाहिलं तर दोरी सुटलेली, पेपर नीट घडी करून ठेवलेला, आणि आत काही नाही.

कडूबाई मेंढवाड्यातून येत होती. तिच्या हातात निळ्या पट्ट्याचा सदरा होता. ती तो झटकत होती, चेहऱ्यावर काम मनासारखं झाल्याचं समाधान.

“माय, सदरा तिकडं कावून नेलता?”

“वाड्यात ठिवलता. म्हाताऱ्या मेंढीच्या अंगावर टाकलता, तिनं पाडलाबी न्हाई.”

हा रिवाज बंकटला माहीत होता. त्यांच्या घरात नवं कापड सरळ अंगावर चढत नसे. घोंगडी असो, धोतर असो, आधी एक रात्र वाड्यात राहायचं. कळपाचा वास लागला की मेंढरं बुजत नाहीत. धुळाजीचं लग्नातलं पागोटंसुद्धा वाड्यातूनच आलं होतं. पण कालेजच्या सदऱ्यालाही तो रिवाज लागेल, हे बंकटच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्याने सदरा नाकाशी नेला. हायस्कूलचा सगळा वर्ग त्यात होता.

“तिथं मेंढरं न्हाईत, माय.”

“माणसं तर हायत,” कडूबाई म्हणाली. “नवी माणसं. तू एकला. कुणी बुजलं म्हंजी?”

बंकट खाली बसला. “तिथं बुजत्यात ते ह्याच वासाला,” तो म्हणाला.

कडूबाईला समजायला वेळ लागला. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग सावकाश बोलू लागली, जणू चूक कुठे झाली ते मागे जाऊन शोधत होती.

“मी नवी नवरी आलते तवा मेंढरं माझ्या जवळ येत न्हवती. मी वाड्यात शिरले की कोपऱ्यात जायची. गाव हसायचं. मग तुझ्या आजीनं माझं लुगडं रातभर वाड्यात ठिवलं. सकाळी मी चालले तर सारा कळप माझ्या मागं. तवा मला वाटलं, आता हे घर माझं.” ती थांबली. “मला वाटलं, तुलाबी तसंच व्हावं.”

तिने परात घेतली आणि घागर तिरकी केली. टँकर कधी येईल त्याचा भरवसा नव्हता. घरात प्यायचं पाणी तेवढंच. परातीच्या तळाला पहिली धार वाजली तशी बंकटने घागर धरली.

“राहू दे.”

“धुते की. वास जातो.”

“राहू दे, माय. प्यायचं हाय ते.”

दोघं घागर धरून बसले. ती सोडायला दोघांनाही जड गेलं.

दारातून धुळाजी म्हणाला, “चेरमनचा घाल की. काय अडलंय?”

खरंच काही अडलं नव्हतं. बंकटने पांढरा शर्ट घातला. साबणाचा, डांबराच्या गोळ्यांचा, परक्या कपाटाचा वास. अंगाला शर्ट बरोबर बसला, जणू याच्याच मापाचा होता. हातात पिशवी घेऊन तो अंगणात उतरला. वाट मेंढवाड्याला लागूनच होती.

मेंढरांनी माना वर केल्या. पुढची मागे सरली, मागची काट्याच्या कुंपणाला भिडली, आणि सगळा कळप पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढला. म्हातारी मेंढीसुद्धा. याच मेंढीच्या कोकरांना बंकटने लहानपणी कांबळ्यात घेऊन रात्र काढली होती. ती आता पिवळ्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत होती, विठ्ठलरावांचा माणूस आला असावा तशी.

“बुजली,” कडूबाई हळूच म्हणाली. ती कुणाला दोष देत नव्हती.

बंकट मागे वळला. मग घरात आला. पांढरा शर्ट काढला, घडीवर घडी बसवून पेटीवर ठेवला. निळ्या पट्ट्याचा सदरा अंगात घातला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या. कॉलरला लोकरीचा एक पुंजका चिकटला होता. काढायला कडूबाईने हात पुढे केला आणि मधेच थांबवला. आता आपण काय काढावं आणि काय राहू द्यावं, हे तिला कळेनासं झालं होतं. बंकटने मान खाली वाकवली. तिने पुंजका काढला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवला.

त्याने पिशवी उचलली. वाड्याजवळून तो गेला तेव्हा मेंढरं शेंगांची टरफलं हुंगत होती. एकानेही मान वर केली नाही. बंकट मागे न पाहता अंबाजोगाईच्या रस्त्याला लागला.