बाईंचा ळ

बाजारात बाई येताना दिसल्या की मध्य प्रदेशाच्या सीमेवरल्या आमच्या पांढुर्ण्यातले अर्धे दुकानदार नजर चुकवायचे. शाळेतून निवृत्त झाल्या तरी पर्समध्ये खडू असायचाच. पाटीवर 'किराना स्टोर्स, आमचे येथे' दिसलं की पायरी चढून 'ना'चा 'णा' करायच्या. वर ऐकवायच्या, "हिंदी लिहून राहिला तं पुरी हिंदी लिही, मराठी तं पुरी मराठी. भेसळ काहून करतं?"

माझं लग्नपत्रिकांचं दुकान. नागपूरहून मी एक वळणदार फाँट आणला होता. बोरूनं लिहिल्यासारखी अक्षरं, किंचित झुकलेली, वेलांटीचं टोक लांब फिरवून सोडलेलं. मी हुरळलो आणि पत्रिकाभर तोच वापरला, पार 'आहेर आणू नये'पर्यंत. बाईंनी कान उपटले. "नाव नटव रे, पत्ता नको नटवू. नाव डोळे भरून पाहतात, पत्ता धावत वाचतात." तेव्हापासून माझ्या पत्रिकेचे पाहुणे चुकले नाहीत.

मग बाईंच्या नातीचं लग्न ठरलं. नात मंजुळा, मुलगा छिंदवाड्याचा, घरी सगळी हिंदी. होणाऱ्या सासूबाई कौतुकानं 'मंजुला' म्हणायच्या आणि पोरगी कसंनुसं हसायची. पत्रिकेला बाईंना तोच फाँट हवा होता. पण तो हिंदीचा, त्यात ळच नाही! आजवर बारीक मजकुरातला ळ साध्या फाँटातून घेऊन निभावलं होतं, ठळक नावात तो उठून दिसला असता. मी म्हटलं, "बाई, ल टाकतो. लोक समजून घेतात."

बाई अशा भडकल्या की बास. "पोरगी सासरी जाऊन राहिली. आजीनं ठेवलेलं नाव तरी पुरं नेऊ दे तिले!"

साध्या फाँटातला ळ घालून पाहिला. वरातीत हाफपँट घालून आलेल्या मामासारखा दिसला. शेवटी बाईंनी घरून बोरू आणला आणि माझ्याच काउंटरवर बसून ळ गिरवायला लागल्या. तोच झुकाव, तोच जाड-बारीक फराटा. दोन दिवस कागद फाडले. तिसऱ्या दिवशी उमटलेला ळ मी स्कॅन करून नावात बसवला. खोटं कशाला सांगू, विकतच्या अक्षरांत तोच सगळ्यांत देखणा! आज सौंसरपर्यंतचे काळे, धवळे, पिंपळे तोच मागून नेतात.

लग्न पांढुर्ण्यातच लागलं. भटजींनी तांदळाचं ताट पुढे ठेवलं आणि नवरदेवाला अंगठीनं नवरीचं नाव लिहायला सांगितलं. त्यानं 'मंजु' लिहिलं आणि थांबला. त्याची आई म्हणाली, "ल लिख दे बेटा, एक ही बात है."

मंजुळानं मान खाली घातली.

पोरानं खिशातून पत्रिका काढली, नीट पाहिली आणि तांदळात सावकाश ळच्या दोन गाठी फिरवून काना ओढला. "एक बात नहीं है, माँ." मग बाईंकडे वळला, "दादी, ठीक है?"

बाईंनी चष्मा पुसला, ताटावर वाकल्या. डोळे वाहत होते, आवाज मात्र वर्गातला. "वळण कच्चं आहे, जावईबापू. पण दहापैकी दहा!"