वच्छलामावशींची थोरली शुगर

वच्छलामावशी आपलं नाव सांगण्याआधी आपली शुगर सांगत. मलकापुरात आम्ही नवरा-बायको त्यांच्याकडे खोली भाड्यानं पाहायला गेलो, तर खाटेवरूनच म्हणाल्या, "माही उपाशीपोटी दोनशे रायते, म्हणून उठत नाई. बसा." एखाद्यानं पदवी सांगावी असा आवाज. गल्लीत शुगरवाले पुष्कळ होते. पण मावशी साऱ्यांत जुन्या, आणि तो मान त्या कुणाला सोडत नसत.

पुढे आमच्या पाच वर्षांच्या रेणूला मधुमेह निघाला. घटाघटा पाणी प्यायची, वाळत चालली होती; एक दिवस डोळेच उघडेना. अकोल्याला दवाखान्यात नेली, तेव्हा वाचली. तिच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, दर जेवणाआधी सुई द्यावी लागेल, जन्मभर, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मावशींनी निकाल दिला, "एवढ्याशा पोट्टीले कुठं शुगर रायते का? मी इतकी जुनी, अजून सुईले हात नाई लावू देला. सवय लागते बाई सुईची." कालची पोर गोळ्यांची पायरी न चढता थेट सुईवर गेली, हा त्यांना सेवाज्येष्ठतेचा भंग वाटत असावा.

तुमचा आजार वेगळा, हिचा वेगळा. सुई थांबली तर लेकरू जाईल, असं मी समजावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि सकाळी कारल्याचा रस पाठवला. रेणूनं तो मोरीत ओतला आणि "गोड होता" म्हणून पेला परत दिला. तिच्या हातात बिस्किट दिसलं की मावशी झडप घालत. स्वतः मात्र पेढे खात. विचारलं तर म्हणत, "प्रसादाले शुगर नसते."

त्यांच्या भाचीचं साक्षगंध आमच्याच अंगणात झालं. "ताटं लागली वं!" असं मावशी ओरडल्या, म्हणून मी रेणूला सुई दिली. बाहेर येऊन पाहते तर ताटाचा पत्ता नाही. नवरदेवाकडचे खामगावहून निघालेच नव्हते, आणि ते आल्याशिवाय पंगत बसणार नव्हती. मी घरात कणीक मळून पोळी करून आणेपर्यंत रेणू घामानं भिजली, हात थरथरू लागले, असंबद्ध बोलू लागली. सुईनं साखर खाली गेली होती. मी पाण्यात साखर ढवळून पेला तिच्या तोंडाशी नेला आणि मावशींनी तो फटक्यानं उडवला.

"शुगरवालीले साखर? माय हायेस का वैरीण?"

मी त्यांना ढकललं. घरमालकिणीला, भर अंगणात. त्या पाहुण्यांसाठी रचलेल्या गाद्यांवर जाऊन पडल्या. पाहुण्यांच्याच सरबताच्या पातेल्यात मी पेला बुडवला आणि घोट घोट रेणूला पाजला. थोड्या वेळानं तिच्या डोळ्यांत ओळख आली. तिनं विचारलं, "मावशी, तू गाद्यांवर काऊन पडली वं?"

मावशी माफी मागतील असं मला वाटलं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं होतं, "मी होती म्हणून पोट्टी वाचली. सरबत माह्यंच होतं नं!" पुढे कितीतरी वर्षं हे उपकार मी ऐकले.

गेल्या वर्षी मावशी हार्टनं गेल्या. तेरवीला एक अनोळखी बाई लहान मुलाला घेऊन आली होती. त्यालाही रेणूचाच आजार. ती म्हणाली, "माह्या सासूनं याची सुई बंद करायले लावली होती. मावशीले कुठून समजलं का मालूम, ऑटोनं आमच्या गावात आल्या अन् घरात घुसून सासूले लय झापलं. म्हणे, एका पोट्टीच्या तोंडातली साखर म्या ह्या हातानं उडवली, मले अजून झोप येत नाई."

एका भिंतीआड राहून हे त्या मला कधी बोलल्या नाहीत. भाडेकरणीपुढे पडतं घेतील त्या मावशी कसल्या? त्यासाठी ऑटो करून परगावी गेल्या, आणि कुणाच्या तरी सासूला शिव्या देता देता, तेही वरच्या पट्टीत, चूक कबूल करून आल्या.