डाव्या बाजूच्या मुंग्या

आमच्या ओट्याच्या कडेला पत्र्याच्या शेडखाली एक मोटरसायकल उभी असते. मोरिवली गावात तिच्यासारखी दुसरी नाही. ती इटलीत बनलेली आहे. इटली कुठे आहे ते मला नीट सांगता येणार नाही. पण ज्यांनी ती बनवली त्यांचे हात कसे असतील, असा विचार मी तिला पुसताना नेहमी करते.

आमचे हे बांधकामाला रेती आणि खडी पुरवतात. वांगणीला एका फार्महाऊसचं काम होतं, तिथे ही गाडी ताडपत्रीखाली पडून होती. मालक परदेशी चालले होते. ह्यांनी एकदा ताडपत्री उचलून बघितली आणि मग काम नसलं तरी वांगणीला जायला लागले. शेवटी ती घरी आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "नवी गारी घेतली आन् दिसतं त जुनी." ती दिसायलाच तशी आहे. गोल दिवा, लांब टाकी, सरळ बसायची सीट. माझ्या माहेरी पोलीसपाटलांची गाडी होती, तिची आठवण यावी अशी.

पण तिचं इंजिन बघितलं तेव्हा मी किती वेळ उभीच राहिले. बाकीच्या गाड्यांचं इंजिन आत दडलेलं असतं. हिचे दोन सिलेंडर टाकीखालून दोन्ही बाजूंना बाहेर येतात, कुणी कमरेवर हात ठेवून उभं असावं तसे. त्यांच्यावर पातळ पातळ पंख आहेत, एकावर एक, सगळे सारखे. मला वाटलं नक्षी असेल. हे म्हणाले, "नक्षी नाही, वारा लागून थंड व्हायला आहेत ते." थंड व्हायचं काम इतकं देखणं करायचं कुणाला सुचलं असेल? हिला चेनही नाही. मागच्या चाकापर्यंत एक दांडा आतल्या आत फिरतो.

सगळ्यात नवल वाटलं ते ती चालू झाल्यावर. जागेवर उभी असताना ह्यांनी मूठ पिळली की सगळी गाडी उजवीकडे अंग टाकते, मग परत सरळ होते. गाडी जुंपलेला बैल हुंकारून खांदा हलवतो ना, तशी. मी घाबरून मागे सरकले होते. हे हसले. "ती अशीच आहे. आतलं इंजिन फिरतं, त्याचा झोक बसतो."

तिचं काम मी कधी माझ्याकडे घेतलं ते आता आठवत नाही. तेल आणि हवा हे बघतात, मोठ्या सर्व्हिसिंगला मुंबईला नेतात. पुसायचं माझ्याकडे. आमच्याकडे कंपन्यांच्या धुरातली काळी पूड येऊन बसते, रोज पुसलं तरी बोट फिरवल्यावर दिसतेच. पंखांच्या मधे फडकं जात नाही, म्हणून मी जुना दातांचा ब्रश वापरते आणि अगदी आतल्या फटीत नाडी घालून ओढते. पाण्याचा पाइप तिच्यावर कधी मारत नाही. फिरून आली की थंड होताना ती टिकटिक वाजते, आधी भराभर, मग थांबून थांबून. मी भाजी निवडत तो आवाज ऐकत बसते.

रविवारी आम्ही दोघं बारवी धरणाकडे जातो. बदलापूर सोडलं की दोन्हीकडे भाताची शेतं लागतात, पुढे झाडी आणि मग एकदम धरणाचं पाणी. मागे बसून मला बोलावं लागत नाही. लग्नात, हळदीकुंकवात, कुठेही चार बायका जमल्या की मला शब्द सापडत नाहीत. गाडीवर कुणी काही विचारत नाही. सगळ्या आठवड्यात तेवढेच दोन-तीन तास माझे असतात.

दसऱ्याला पूजा सासूबाई करतात. एका वर्षी हे अंबरनाथहून झेंडूची फुलं घेऊन नुकतेच आले होते, गाडी तापलेली होती. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, हार घातला, चाकाजवळ नारळ फोडला आणि वाटीत धरलेलं पाणी, पूर्वी बैलांच्या खांद्यावर घालायच्या तसंच, हिच्या बाहेर आलेल्या खांद्यावर घातलं. चर्र आवाज झाला. खोबऱ्याच्या वड्या करपाव्यात तसा वास आला. सगळ्यांनी हात जोडले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती लंगडायला लागली. चालू व्हायची, पण आवाजात मधे मधे पायरी चुकायची. मग चुकतच राहिली. उजवीकडे अंग टाकायची तेही बंद झालं, नुसती थरथरायची. मुंबईपर्यंत नेणं शक्य नव्हतं. उल्हासनगरचा एक मेकॅनिक आला, लांबूनच आवाज ऐकून म्हणाला, "इम्पोर्टेड आहे, मी हात लावणार नाही. एक सिलेंडर गेलाय. इंजिन उघडावं लागेल, सामान बाहेरून येणार, सहा महिने धरून चाला."

हे दोन दिवस जेवले नाहीत धड. मग म्हणाले, "विकून टाकतो. रोज डोळ्यांसमोर अशी बघवत नाही." मी ताट उचलून आत गेले. मी काय बोलणार होते? बारवीला जायची माझी हौस आहे, म्हणून ठेवा?

रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. हे त्याला नाक्यावर घ्यायला गेले. मी म्हटलं, जाताना तरी स्वच्छ जावी. ब्रश घेऊन बसले तर पुढच्या चाकावरून मुंग्यांची रांग वर चाललेली. तांबड्या, बारीक. रांग चाकावरून दांडीवर, तिथून इंजिनावर, आणि डाव्या सिलेंडरच्या टोकाला जी काळी रबरी टोपी असते तिच्या खाली आत. मी उजवीकडे जाऊन बघितलं. तिकडे एकही मुंगी नव्हती.

साखरेच्या डब्याला मुंग्या लागतात तेव्हा झाकण कुठे ढिलं आहे ते त्याच दाखवतात. मला तो करपल्याचा वास आठवला. शिवाय हे गेला आठवडाभर गाडी चालू करून बघत होते, तेव्हा पुसताना धुराची उजवी नळी चटका देत होती आणि डावी कोमट. तेव्हा मी त्यावर विचार केला नव्हता. म्हणजे डावी बाजू पेटतच नव्हती.

तेवढ्यात हे आले, सोबत उल्हासनगरचे एक सिंधी शेठ. सासूबाई ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या. शेठनी गाडी चालू करायला लावली, कान लावला आणि मान हलवली. "देखो भाऊ, गाडी अच्छी है, मगर आधी मरी हुई है. मैं तो पार्ट के लिए ले जाऊँगा. खोल के अलग अलग."

खोलून अलग अलग. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ह्यांना आत बोलवावं तर ते गाडीवरच बसलेले, आणि इथे बोलावं तर समोर परका माणूस आणि शेजारी सासूबाई, ज्यांच्या हातून ते पाणी पडलं होतं.

"अहो," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही. परत म्हटलं, "अहो, डावीकडं मुंग्या लागल्यात."

शेठ हसले. "भाभीजी, इंजन में मुंगी? शक्कर डाली थी क्या?"

"नारळाचं पाणी," मी म्हटलं. "पूजेचं. त्या टोपीत गेलंय. उजवीकडं नाही गेलं."

अडकित्ता थांबला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. "मी काय इख ओतला का त्याच्यान? देवाचा पानी व्हता."

"देवाचंच होतं, आई," मी म्हटलं. "पण गोड होतं."

हे गाडीवरून उतरले. इंजिन बंद करून त्यांनी ती रबरी टोपी ओढली. ती चिकटली होती, जोर लावावा लागला. आत काकवीसारखं तपकिरी काहीतरी वाळून बसलेलं, आणि त्यातून मुंग्या सांडल्या. शेठ वाकून बघत राहिले. "साईं," ते एवढंच म्हणाले.

मी माझा ब्रश आणून दिला. ह्यांनी पेट्रोल लावून टोपी आतून घासली, खालचा ठिणगीचा प्लग काढून पुसला, दोन्ही उन्हात ठेवले. तोवर चहा गार झाला, मी दुसरा केला. मग सगळं परत बसवून ह्यांनी बटण दाबलं. एकदा खोकली. मग दोन्ही बाजूंनी बोलायला लागली, पायरी न चुकता. ह्यांनी मूठ पिळली आणि तिने उजवीकडे अंग टाकलं.

तिला बनवणाऱ्याला मुंगी माहीत असेल, नारळ माहीत असेल का?

"तो अब नहीं बेचोगे," शेठ म्हणाले.

"नाय," हे म्हणाले. शेठ चहा पिऊन, गाडीच्या टाकीवर एकदा हात फिरवून गेले. सासूबाई सुपारी कातरत म्हणाल्या, "बोलता येतं त हिला."

त्या दिवशी बारवीला जायला उशीर झाला होता, तरी आम्ही गेलो.

आता दसऱ्याच्या सकाळी मी दोन्ही टोप्यांवर फडकं आणि प्लास्टिक घट्ट बांधते, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसं. सासूबाई वाटी हातात धरून थांबतात आणि दरवर्षी विचारतात, "बांधलंस का गो तिचा तोंड?" मी हो म्हणते. मग त्या पाणी घालतात, तसंच, खांद्यावर.